एका वाक्याचा एकच अर्थ लावण्याची घरगुती पद्धत

अळूवडी कशी करावी, भाडेकरार कसा करावा, प्राप्तिकराचे विवरणपत्र कसे भरावे, या सगळ्याची मार्गदर्शने बाजारात मिळतात. मराठी वाक्याचा अर्थ कसा लावावा याचे मात्र मिळत नाही. हे काम वाचक दिवसभर फुकटात करतो आणि आपण काही करतो आहोत याची त्याला खबरही नसते, म्हणून कुणाला तशी गरज वाटली नसावी. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढले. वाक्य बांधणाऱ्याची सोय झाली. ते बांधलेले वाक्य ज्याच्या अंगावर येते त्याचे काय, हा प्रश्न राहिलाच. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

साहित्य फार लागत नाही. एक वाक्य पुरे.

'पोलिसांनी पळताना चोराला पकडले.' अशा घडणीचे वाक्य सकाळच्या पेपरात सहज सापडते. वाचकाने ते एकदाच वाचावे आणि पळत कोण होते ते सांगावे. बहुतेक जण 'चोर' म्हणतील, तेही विचारणाऱ्याची कीव करत. पण '-ताना' हे कृदंत एरवी वाक्याच्या कर्त्याला चिकटते. 'मी जेवताना बोलत नाही' यात जेवणारा मीच असतो. त्या न्यायाने इथे पळत होते ते पोलीस. त्यात अशक्य काही नाही. चोराच्या मागे पोलिसांनाही पळावे लागते. म्हणजे वाक्य दोन्हीकडे झुकते, तरी वाचकाने चौकशी न करता एक बाजू घेतली. कशाच्या जोरावर? चोराचा धंदा पळण्याचा आणि पोलिसांचा पकडण्याचा, या एका जुन्या समजुतीच्या जोरावर.

म्हणून पहिली सूचना : व्याकरणाला शेवटी विचारावे, जगाला आधी. 'आईने बाळाला रडताना उचलले' या वाक्यात रडणाऱ्या आईचा विचार कुणाच्या मनात येत नाही. साचा तोच ठेवून 'आईने लेकीला रडताना मिठी मारली' असे लिहिले, की वाचक घुटमळतो. लग्नाच्या मांडवात दोघीही रडू शकतात. वाक्याची रचना तसूभर बदललेली नाही, बदलली ती माणसे आणि त्यांची कृती.

ही युक्ती नवी नाही. शब्दांपासून वाक्यार्थ कसा होतो याची चर्चा करताना नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा अटी घातल्या, आणि पुढे तात्पर्य म्हणजे बोलणाऱ्याचा हेतूही त्यात आला. योग्यतेचे त्यांचे ठरलेले उलट उदाहरण म्हणजे विस्तवाने शिंपणे. विभक्ती बिनचूक, कर्ता-क्रियापद जागच्या जागी, पण विस्तवाने कुणी शिंपत नाही, म्हणून अर्थबोध नाही. कॅलिफोर्नियात मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली लोकांच्या डोक्याला विद्युतवाहक चकत्या लावून जवळपास हेच तपासले. त्यांच्या एका वाक्यातल्या माणसाने गरम पावाला लोण्याऐवजी पायमोजे फासले. 'मोजे' हा शब्द दिसल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या आलेखात एक ठळक लाट उठली. विस्तव जाऊन मोजे आले, एवढाच फरक. आणि नैयायिकांचे काम चकत्यांवाचून भागले होते, हा दुसरा.

दुसरी सूचना घाईची आहे. वाक्य संपेपर्यंत थांबावे असे शाळेत सांगतात. तसे कुणी वागत नाही, वाचकानेही वागू नये. गिऱ्हाईक आत बसताच मीटर टाकून निघणाऱ्या रिक्षावाल्यासारखे त्याने पहिल्या शब्दाला सुटावे. पत्ता वाटेत कळतो. इंग्रजीत या घाईचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे एक घोडा. टॉमस बीव्हर यांनी १९७० साली तो एका वाक्यात सोडला. कोठारावरून दौडत जाणारा हा घोडा वाचकाला छान दिसत असतो आणि शेवटी 'पडला' अशा अर्थाचा एक शब्द येतो, ज्याला वाक्यात बसायला जागाच नसते. वाचक मागे फिरतो, पुन्हा वाचतो, छापणाऱ्याला दोष देतो. खरे तर वाक्य शुद्ध आहे. इंग्रजीत 'रेस्ड' म्हणजे 'दौडला' आणि 'दौडवलेला' दोन्ही, आणि पडला तो दौडवलेला घोडा.

मराठी माणसाने इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्याकडे 'दौडला' वेगळा आणि 'दौडवलेला' वेगळा, त्यामुळे आपला घोडा उभा राहतो.

कॉलर ताठ असतानाच त्याने पुढचे वाक्य हळूहळू वाचावे. 'राजूने शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दगड...' इथपर्यंत आलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दगड सुटलेला असतो, कुत्रे केकाटलेले असते आणि राजूविषयीचे मत कायमचे झालेले असते. मग वाक्य पुढे जाते : '...मारणाऱ्या मुलाला हटकले.' राजू हा त्या गल्लीतला एकमेव सज्जन निघाला. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि विशेषण होऊन आलेले अख्खे वाक्य नामाच्या आधी उभे राहते. ही दोन कारणे मिळून इतके चकवे तयार होतात, की घोड्याचे कौतुक वाटेनासे होते. पोटात आणखी एक वाक्य घातले तर पाहा : 'राजूने शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दगड मारला असे सांगणाऱ्या मुलाला हटकले.' 'मारला' या शब्दापाशी एक पूर्ण वाक्य संपले, निकाल लागला, पूर्णविराम तेवढा द्यायचा राहिला. पुढचे शब्द आल्यावर कळते, की हटकणारा राजू असू शकतो, किंवा राजूने खरेच दगड मारला असे तो मुलगा म्हणत असेल आणि हटकणारा नामानिराळाच राहिला असेल. इथे वाक्य संपले तरी संशय फिटत नाही.

क्रियापद शेवटी असल्याने आपण फार मागे पडतो असे मात्र समजू नये. वाचक नामांच्या अंगावरचे 'ने', 'ला', 'वर' पाहून क्रियापदाचा अंदाज आधीच बांधतो. हिंदीही आपल्यासारखीच क्रियापद शेवटी ठेवणारी. श्रवण वसिष्ठ आणि रिचर्ड लुइस यांनी २००६ साली दाखवले, की हिंदीतल्या काही रचनांत क्रियापदाच्या आधी मजकूर वाढवला तर क्रियापद वाचायला उशीर होण्याऐवजी ते लवकर वाचले जाते. जास्त मजकूर म्हणजे जास्त सुगावे. लांबलचक मराठी अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हा निष्कर्ष आपल्या बाजूने वापरू नये. 'काही रचनांत' हे शब्द तिथे मुद्दाम आहेत.

आता थोडे कठीण काम. त्यासाठी एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनाफलकासमोर उभे राहावे. चौकटीच्या काचेमागे, एका कोपऱ्यातली टाचणी निसटलेला, संगणकावर टाइप केलेला कागद असतो : 'नव्या भाडेकरूच्या सायकली जिन्याखाली ठेवू नयेत.' नवे काय, भाडेकरू की सायकली? जुन्या सायकली चालतील का? जुन्या भाडेकरूने नवी सायकल घेतली तर? वाचक भाडेकरूलाच नवा ठरवून पुढे जातो, कारण 'नव्या'च्या शेजारी तोच उभा आहे. पण 'नव्या' हे रूप लबाड आहे. पुढे विभक्ती आली म्हणून झालेले सामान्यरूप तेच, आणि स्त्रीलिंगी अनेकवचन 'नव्या सायकली' तेही तेच. सायकलींच्या जागी कपाटे ठेवली तर वादच मिटतो. 'नव्या भाडेकरूची कपाटे' म्हटले की नवा तो भाडेकरू; कपाटे नवी असती तर शब्द 'नवी' असा आला असता. आणि चिटणीसांनी 'नवीन' असे लिहिले असते, तर कपाटांचेही काही खरे नव्हते, कारण 'नवीन' कशाहीपुढे आपले रूप बदलत नाही.

प्रस्तुत मार्गदर्शकाच्या मते मराठीतल्या निम्म्या संशयांचे मूळ या '-या'त आहे. 'जुने पुस्तकांचे दुकान' म्हणजे दुकान जुने. 'जुन्या पुस्तकांचे दुकान' म्हणजे पुस्तके जुनी. इथवर भाषेने चोख पहारा ठेवला. पण ग्राहक दुकानात शिरला, की पहारा संपला : 'जुन्या पुस्तकांच्या दुकानात'. आता दुकान जुने की पुस्तके, हे कोणतेही व्याकरण सांगू शकत नाही. दाराबाहेर असेपर्यंत अर्थ एक, आत पाऊल टाकले की दोन.

हीच '-या' एका गोळीबाराच्या प्रकरणातही सापडते. फर्नांडो क्वेतोस आणि डॉन मिचेल यांनी १९८८ साली इंग्रज आणि स्पॅनिश वाचकांपुढे एक वाक्य ठेवले. कुणीतरी एका नटीच्या नोकरावर गोळी झाडली. नटी किंवा नोकर यांपैकी एक जण बाल्कनीत होता. कोण, हे वाक्यातून ठरत नव्हते. इंग्रजी वाचकांचा कल 'नटी' म्हणण्याकडे होता, स्पॅनिश वाचकांचा 'नोकर' म्हणण्याकडे. तोवर असे मानले जाई, की वाचक नवा मजकूर नेहमी सर्वांत जवळच्या शब्दालाच जोडतो, मग भाषा कोणतीही असो. स्पेनमधल्या बाल्कनीने त्या मताला धक्का दिला. मराठीत ही बातमी अशी लिहिली जाईल : 'बाल्कनीत उभ्या असलेल्या नटीच्या नोकरावर गोळी झाडली.' 'उभ्या असलेल्या' हे नटीलाही चालते आणि नोकरालाही, कारण सामान्यरूपात स्त्री-पुरुष भेद उरत नाही. बातमीदाराला पंचनाम्याची काळजी असेल तर त्याने 'जो-जी'चा आधार घ्यावा. 'जी बाल्कनीत उभी होती' म्हटले की नोकर आपोआप खाली येतो. 'जो-जी'ची वाक्ये हल्ली जुनाट समजतात. पोलीस ठाण्यात जायचे असेल तर जुनाट दिसलेले बरे.

'आपला' या शब्दाशी गाठ पडली तर वाचकाने घरातल्या खोल्यांचा नकाशा मागवावा. 'आजोबांनी नातवाला आपल्या खोलीत झोपायला सांगितले.' 'आपला' कर्त्याकडे बोट दाखवतो हे खरे, पण इथे कर्ते दोन आहेत : सांगणारे आजोबा आणि न बोलता झोपणारा नातू. कोणाच्या खोलीत गाद्या घालायच्या, हे आजोबा लाडात होते की रागात, यावर ठरते. वाक्यात त्याचा पत्ता नाही.

'सगळे सभासद बैठकीला आले नाहीत' यालाही वाक्याबाहेर पाहण्याचाच उपाय. एकही आला नाही, की काही आले आणि काही नाही? वाचकाने इतिवृत्ताची पुढची ओळ वाचावी. पुढे ठराव मंजूर झालेला दिसला, तर काही आले होते. गणपूर्तीअभावी बैठक तहकूब झालेली दिसली, तर दोन्ही अर्थ अजून शाबूत आहेत. बोलताना हा प्रश्न येत नाही. 'सगळेच काही आले नाहीत' म्हटले की निकाल लागतो. तो 'काही' तिथे अर्थाचे काम करतो आणि इतिवृत्त लिहिणारे नेमके त्यालाच फालतू समजून गाळतात.

एवढी मेहनत करून अर्थ बदलल्यावर जुना अर्थ डोक्यातून निघून जातो का? निघून जावा अशी अपेक्षा असते. किएल क्रिस्टियनसन, फर्नांडा फरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे पाहिले. त्यांच्या इंग्रजी वाक्यात अ‍ॅना नावाची बाई कपडे घालत असते आणि तेवढ्यात बाळ ओकते. 'ड्रेस्ड' हे क्रियापद स्वतःला कपडे घालण्यासाठीही चालते आणि दुसऱ्याला घालण्यासाठीही. त्यामुळे वाचक आधी बाळालाच कपडे घालतो आणि मग ओकण्यापाशी अडखळून वाक्य दुरुस्त करतो. नंतर विचारले, बाळ ओकले का? हो. अ‍ॅनाने बाळाला कपडे घातले का? पुष्कळांनी याही प्रश्नाला 'हो' म्हटले. दुरुस्ती झाली होती, पण पहिला अर्थ खोली सोडायला तयार नव्हता. अर्थ कामापुरता लागला की वाचक पुढे सरकतो, असे या संशोधकांचे म्हणणे. राजूच्या बाबतीत याचा परिणाम काय होईल ते सांगायला प्रयोगशाळा नको. आठवड्याने राजूचे नाव काढावे. 'तो कुत्र्याला दगड मारणारा ना?' असे उत्तर येईल.

मुलांना या मार्गदर्शनातून वगळावे. जॉन ट्रूसवेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली पाच वर्षांच्या मुलांपुढे एक बेडकाचे खेळणे रुमालावर ठेवले, शेजारी एक रिकामा रुमाल आणि एक खोके मांडले आणि इंग्रजीत सांगितले, की रुमालावरचा बेडूक खोक्यात ठेव. इंग्रजीतला शब्दक्रम असा, की आधी 'बेडूक रुमालावर ठेव' असेच ऐकू येते. बरीच मुले बेडूक उचलून रिकाम्या रुमालावर ठेवत. एकदा केलेला अर्थ त्यांना मोडता येत नव्हता. मराठी पोराला ही सबब नाही. 'रुमालावर' आणि 'रुमालावरचा' यांतला 'चा' त्याला पहिल्याच क्षणी वाचवतो. तरीही त्याने बेडूक भलतीकडे ठेवला, तर तो व्याकरणाचा प्रश्न नसतो.

मुद्दाम चुकीचा अर्थ लावणाऱ्यांसाठीही पूर्वजांनी सोय करून ठेवली आहे. न्यायशास्त्रात तिला छल म्हणतात. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. प्रतिपक्षी 'नव'चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, बाकीच्या आठ कुठे आहेत? वादात हरत असताना ही युक्ती गुणकारी आहे. दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत ती नियमित वापरली जाते, फक्त घोंगड्या दिसत नाहीत. 'ध'चा 'मा' मात्र इथे आणू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागे एका अक्षराची फिरवाफिरव होती असे परंपरा सांगते. त्यात वाक्यरचनेचा काही दोष नव्हता.

स्वल्पविराम घातला की सगळे निस्तरते, अशी एक भाबडी समजूत आहे. मोडीत शब्दही तोडून लिहीत नसत, तरी त्या कागदांवर वसूल व्हायचा तो वसूल होत असे. विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना देतात. पण विरामचिन्ह ज्या भाषेतून आले तिथेच ते किती महाग पडते, हे अमेरिकेतल्या मेन राज्यात दिसले. कोणत्या कामांना जादा वेळेचे वेतन नाही याची तिथल्या कायद्यात यादी होती. यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी वेष्टन' असे वाचता येईल, किंवा 'पाठवणीसाठी वेष्टन' आणि 'वितरण' अशी दोन कामे वाचता येतील, असा मजकूर होता; मध्ये स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट या दूध कंपनीचे चालक दूध पोचवत, वेष्टनात भरत नसत. त्यांनी पहिला अर्थ घेतला आणि जादा वेतन मागितले. २०१७ साली अपील न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरांवर मिटले. राज्याने दरम्यान ती यादी पुन्हा लिहिली आणि कामांमध्ये सरळ अर्धविराम टाकले.

आपल्याकडे हेच काम 'व' आणि 'किंवा' मिळून करतात. 'पदवीधर किंवा पदविकाधारक व मराठी टंकलेखन येणारे उमेदवार' अशी जाहिरात निघते. टंकलेखन सगळ्यांना यायला हवे, की पदवीधराला सूट आहे? शेजार पाहिला तर सूट आहे, टेबलावरचे काम पाहिले तर नाही. जग आणि व्याकरण दोन्ही हात वर करतात तेव्हा उरते ते तात्पर्य. ते लिहिणाऱ्याच्याच पोटात असते, म्हणून लिहिणाऱ्यालाच विचारावे. दूरध्वनी करावा. तीन जणांकडे फिरवून झाल्यावर संबंधित कारकून येतात आणि म्हणतात, ''जाहिरातीत दिलंय ना? मग तसंच.'' उमेदवाराने आभार मानून टंकलेखनाच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत अर्जाला जोडावी.